सब्रीची फातिहा

गावाचा फुटबॉल क्लब विकायला काढला तेव्हा जुना गोलकीपर मुतवल्ली याची एकच अट होती: नाव गावाचंच राहायला हवं. खेळाडूंचे पगार थकले होते, बस बंद पडली होती, हे त्यालाही दिसत होतं. पण छातीवर 'कफ्र सुवैल' हे गावाचं नाव नसेल तर तो संघ कसला? याच नावासाठी तो ऐन जवानीत गोलपाशी उभा राहिला होता.

सभासदांच्या सभेत तो उठला. "सब्री, हे कागदावर घे."

सब्री क्लबचा अध्यक्ष आणि त्याचा लंगोटीयार. "कॅप्टन, पाहुण्यासमोर लाज काढतोस होय?" तो हसला. "कागद परक्यांना. आपण फातिहा वाचू."

कुराणातली ती पहिली प्रार्थना म्हणायला सगळ्यांचे तळवे वर झाले, कैरोहून आलेल्या नव्या मालकाचेही. फातिहा वाचून जुळलेल्या सोयरिकीला कोण कागद मागतो? मुतवल्लीने कागदाचा हट्ट सोडला आणि विक्रीला हात वर केला.

पैसा आला. पगार वेळेवर, पुढच्या फळीत दोन घानाचे गडी, आणि वर्षभरात संघ थेट वरच्या श्रेणीत! गावाने मुतवल्लीला रव्याची गोड बसबूसा भरवली. मग उन्हाळ्यात सरावासाठी बस कैरोला गेली, ती परत आलीच नाही; संघ तिथलाच झाला. हिरवी जर्सी जांभळी झाली, छातीवर मालकाच्या सिमेंटचं नाव आलं. सब्री सूट घालून उपाध्यक्ष झाला. मालक बोलूनचालून परका. पण सब्रीने केसाने गळा कापला होता.

शुक्रवारी चहाच्या दुकानात सामना लागला. जांभळे तीन गोलांनी जिंकले. कुणी टाळी वाजवली नाही. तेवढ्यात मुतवल्लीचा फोन वाजला.

"पाहिलंस ना, कॅप्टन? आपण पहिल्या नंबरावर!"

"आपण म्हणजे कोण रे, सब्र्या?"

"बुडत होतो आपण. नाव काय चाटायचंय?"

"तुला आधीच माहीत होतं?"

"मालकाने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. म्हणून तर कागद टाळला. तू अडून बसला असतास."

मुतवल्लीला ओरडावंसं वाटलं, पण जमलं नाही.

"फातिहा वाच," तो म्हणाला.

"आता कसला सौदा?"

"सौदा नाही. मयतासाठीही तीच वाचतात ना?"

फोन तसाच चालू ठेवून त्याने तळवे उघडले. शेजारच्यांनी चहाचे पेले खाली ठेवले.