इस्त्रीच्या टेबलावरचा स्वयंपाक

ग्रंथपालांनी अंडं सोलायला घेतलं आणि त्यातलं निम्मं सालीबरोबरच न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये गेलं. उरलेलं निम्मं तळहातावर घेऊन ते बैठकीत आले. इस्त्रीच्या टेबलावर विजेची शेगडी होती, शेगडीवर बटाटे उकळत होते आणि शेजारी त्यांची बायको कांदा चिरत उभी होती.

"आधी गार पाण्यात टाकलं होतं का?" तिनं मान वर न करताच विचारलं.

"टाकायचं असतं?"

"परवाच सांगितलं होतं, अहो."

परवा सांगितलं होतं खरं. पण गेल्या पंधरा दिवसांत इतकं काही सांगून झालं होतं की ग्रंथपालांच्या डोक्यात सगळ्याची खिचडी झाली होती. स्वयंपाकघर पाडल्यापासून घराला घरपण उरलं नव्हतं. फ्रिज टीव्हीला खेटून उभा होता. ताटं पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशांच्या वरच्या फळीवर चढली होती. मिठाचा डबा कुठल्या खोक्यात गेला ते देवालाच ठाऊक, म्हणून बायकोनं औषधाच्या रिकाम्या बाटलीत मीठ भरलं होतं आणि वर चिठ्ठीही चिकटवली होती. भांडी न्हाणीघरात घासायची आणि आंघोळ भांड्यांमधून वाट काढत करायची. किटली आणि शेगडी एकदम लावली की फ्यूज उडायचा. तो बदलण्यात मात्र ग्रंथपाल आता चांगलेच तयार झाले होते.

हा सगळा पसारा त्यांचा त्यांनीच मांडला होता. लग्नाला बावीस वर्षं झाली, तेव्हापासून बायको म्हणत होती की तो नळ गळतो, ती खिडकी उघडत नाही, धूर कोंडतो. आणि ग्रंथपाल म्हणत होते, पुढच्या वर्षी बघू. ते कंजूष नव्हते, वाईट तर मुळीच नव्हते. त्यांच्या तोंडून होकार निघायला वेळ लागायचा, इतकंच. मग तीन आठवड्यांपूर्वी एक पत्र आलं. आठ तासांच्या अंतरावर असलेल्या एका रुग्णालयात बायकोला मुख्य परिचारिकेची जागा मिळाली होती. अर्ज कधी केला, मुलाखत कधी झाली, घरात कुणाला पत्ता नव्हता.

"दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे," ती म्हणाली होती. सुई टोचण्याआधी परिचारिका 'थोडंसंच दुखेल' म्हणतात, अगदी त्या आवाजात.

ग्रंथपालांच्या पायाखालची जमीन सरकली. भांडण झालं असतं तरी परवडलं असतं, काय भरून काढायचं ते तरी कळलं असतं. भांडण नव्हतं, रडणं नव्हतं, दाराची आदळआपट नव्हती. चौथ्या दिवशी ते मिस्त्रीला घेऊन घरी आले. नवं स्वयंपाकघर बघून ती थांबेल, एवढी आशा त्यांना नव्हती. पण दोन वर्षांनी परत यायला काहीतरी कारण हवं, आणि माणसाला धरून ठेवायला त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं. ती एक तारखेला जाणार होती. मिस्त्रीनं पंचवीस तारखेचा शब्द दिला होता. मिस्त्रीच्या शब्दाचं काय होतं ते सगळ्या जगाला माहीत आहे, फक्त ग्रंथपालांना नव्हतं. आज अठ्ठावीस होती आणि ओटासुद्धा उभा राहिला नव्हता.

"करा की. छान होईल," एवढंच ती म्हणाली होती. आणि पहिली भिंत पडली त्या संध्याकाळपासून तिनं त्यांना स्वयंपाक शिकवायला घेतला. दिवसाआड एक सोपा प्रकार. एकाच शेगडीवर होणारा, एकाच भांड्यात मावणारा. ग्रंथपाल प्रत्येकाचं एक कार्ड करायचे, ग्रंथालयात पुस्तकांचं करतात तसं. वर पदार्थाचं नाव, खाली साहित्य, मग कृती. वसतिगृहातली लेक हे ऐकून फोनवर हसून हसून बेजार झाली होती.

"झालं लिहून?" बायकोनं बटाट्यात सुरी टोचून पाहिली. "हे कितवं?"

"सातवं."

"मग आठवडा निघाला तुमचा."

तुमचा. ग्रंथपाल त्या शब्दाशी जरा वेळ अडखळले. त्यांनी पेनाला टोपण घातलं, काढलं, पुन्हा घातलं. तू परत येशील ना? चार शब्द. सकाळी दाढी करताना त्यांनी ते आरशासमोर म्हणूनही पाहिले होते, आणि तिथे ते अगदी सहज निघाले होते. आता ते घशापर्यंत आले. बायको हात पुसत त्यांच्याकडे बघत होती, जणू तिला ऐकायला सवड होती.

"मीठ उकळताना घालायचं की नंतर?" त्यांनी विचारलं.

"उकळताना," ती म्हणाली आणि ताटं काढायला कपाटाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी तिला दुपारपाळी होती. ग्रंथपाल अर्ध्या दिवसाची रजा टाकून मिस्त्रीच्या मागे उभे राहिले. मिस्त्री बोलका माणूस होता. त्याची जीभ हातापेक्षा जलद चालायची. पण आज काळा दगड आला होता, विटा आल्या होत्या, आणि त्याच्याही अंगात आल्यासारखं झालं होतं.

"साहेब, जरा इकडे या. भिंतीला लागून उभे राहा. आता हात असा दुमडा. हां."

ग्रंथपाल निमूटपणे उभे राहिले. मिस्त्रीनं त्यांच्या कोपराखाली चार बोटं धरली आणि कानावरची पेन्सिल काढली.

"हे कशाला?"

"ओट्याची उंची. कोपराच्या खाली चार बोटं ठेवली की कंबर धरत नाही."

ग्रंथपालांना हसू आलं. "अहो मिस्त्री, पण माझ्या मापानं कशाला? मी हा असा ताडासारखा. ती माझ्या खांद्याला लागते. एवढा उंच ओटा तिला कसा जमणार?"

"मीही तेच म्हटलं ना. पण ताईंनीच सांगितलं, आज सकाळी. म्हणाल्या, साहेबांचं माप घ्या." मिस्त्रीनं पेन्सिल जिभेला लावली. "मी म्हटलं, ताई, तुम्हाला पाट घेऊन उभं राहावं लागेल. तर हसल्या. म्हणाल्या, करा तुम्ही."

बाहेर जिन्यात कुणीतरी पिशव्या घेऊन चढत होतं. त्या पावलांचा आवाज वर जाऊन थांबेपर्यंत ग्रंथपाल भिंतीला पाठ लावून तसेच उभे होते, हात दुमडलेलाच.

"एकदा दगड बसला की खालीवर होत नाही बरं का, साहेब," मिस्त्री म्हणाला. "काय ते आत्ताच सांगा."

"तिच्या मापानं करा," ग्रंथपाल एकदम म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की ते स्वतःच दचकले. बावीस वर्षांत इतक्या झटकन त्यांनी कधी काही ठरवलं नव्हतं.

"करतो की. माझं काय जातंय?" मिस्त्रीनं पेन्सिल भिंतीला टेकवली. "सांगा, ताईंचं कोपर कुठवर येतं?"

ग्रंथपालांनी वळून भिंतीवर हात ठेवला. मग तो थोडा खाली आणला. नाही, एवढी काही ती ठेंगणी नव्हती. त्यांनी हात वर नेला, पुन्हा जरा खाली घेतला. कांदा चिरताना ती कशी उभी असते ते त्यांनी आठवून पाहिलं. पदराला पुसलेले ओले हात आठवले, मानेवर आलेले केस आठवले, पण कोपर काही कुठे थांबेना. त्यांचा तळवा भिंतीवर वर गेला, खाली आला, आणि मिस्त्री पेन्सिल धरून त्याच्यामागे फिरत राहिला.

"राहू द्या, ताई आल्यावर घेऊ," मिस्त्री शेवटी म्हणाला. त्याला बहुधा दया आली असावी.

"ती नऊला येते. तुम्ही सहाला जाता."

"मग उद्या?"

उद्या तिचं सामान बांधायचं होतं. उद्या तिला या भिंतीपाशी उभं करून हात दुमडायला सांगायचं, आणि ती दुमडेलही, काही न बोलता, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. ग्रंथपालांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. तळव्याला चुना लागला होता.

"नको," ते म्हणाले. "तिनं सांगितलंय तसंच करा."

मिस्त्रीनं पट्टी लावून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. मग दोन पावलं मागे सरकून, एक डोळा मिटून, ती सरळ आली आहे का ते पाहिलं.

"आता जरा हात पुढे करून उभे राहा, साहेब. काहीतरी चिरताय असं समजा. बरोबर येतंय का बघा."

ग्रंथपाल रेघेपाशी उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. कुठे वाकावं लागलं नाही, खांदे उचलावे लागले नाहीत, कंबरेवर ताण आला नाही.

"येतंय ना?"

"येतंय," ते म्हणाले. आणि खरोखरच अगदी बरोबर येत होतं.