चार बोटं समास

मी एक जुना शिसवी रूळ आहे, मित्रांनो. हातभर लांब, गोल, काळाभोर. कागदावर मला गडगडवत न्यायचं आणि कडेनं रेघा मारायच्या, एवढंच माझं काम. पण काय ऐट होती तेव्हा माझी! संगमनेरच्या सुतारानं मला घडवलं आणि कचेरीतल्या यज्ञेश्वरकाकांनी आयुष्यभर वापरलं. पेन्शनीत निघाल्यावर काका ओटीवर बसून लोकांचे नोकरीचे अर्ज तपासून देत.

महायुद्धाचे दिवस होते. चांगला कागद औषधालाही मिळत नव्हता. शेजारची नीलांबरी नगरच्या मुलींच्या शाळेत मास्तरणीच्या जागेसाठी अर्ज लिहून घेऊन आली. तिच्या वडिलांची नजर गेली होती, त्यांची नोकरी सुटली होती. सारं घर आता या एका जागेकडे डोळे लावून बसलं होतं.

अर्ज पाहून काकांनी कपाळाला हात लावला. जांभळी शाई, कोपऱ्यांत वेलबुट्टी, कडेपर्यंत खच्चून भरलेली अक्षरं, आणि सुरुवातीलाच गोत्र, कुलदैवत, मामाचं नाव!

"अगं, नोकरी मागतेयस की स्थळ? शिकलीस किती, गुण किती, हे शोधायला साहेबानं काय कंदील घ्यायचा?"

नीलांबरी ओशाळली. काकांनी पेटीतला जपून ठेवलेला शेवटचा जाड कागद काढला. "काळी शाई घे. एका ओळीत एकच गोष्ट. आणि दोन्ही कडांना चार बोटं समास मोकळा सोड." मी गडगडलो, रेघा पडल्या, आणि पोरीनं असं सुरेख लिहिलं की माझाच ऊर भरून आला.

वडिलांना वाचून दाखवते म्हणून ती घरी गेली आणि थोड्या वेळानं रडतच परतली. मागोमाग तिची आई, रंगुबाई. त्या माउलीनं अर्जाच्या चारी कोपऱ्यांना ओलं हळदकुंकू लावलं होतं!

"लग्नपत्रिकेला लावतो ना भावजी, चांगलं व्हावं म्हणून..." रंगुबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

टपाल निघायची वेळ झाली होती. दुसरा कागद नव्हता. काकांनी अर्ज हातात घेऊन निरखला आणि ते एकदम हसले.

"रडू नका वहिनी. समास सोडलाय ना पोरीनं!"

त्यांनी कागदाच्या दोन्ही कडा दुमडल्या, घडीवरून मला दाबून फिरवलं आणि चाकूनं अलगद दोन पट्ट्या कापल्या. अर्ज जरा अरुंद झाला, पण स्वच्छ, नेटका. एका अक्षराला धक्का नाही. त्या पट्ट्या मात्र रंगुबाईंनी देव्हाऱ्यात ठेवल्या.

नीलांबरीला जागा मिळाली. ती नगरला निघाली तेव्हा काकांनी मला तिच्या हाती दिलं. पुढे कितीतरी वर्षं मी तिच्या मेजावर मानानं मिरवलो. आता तिची नातवंडं भातुकलीत माझं लाटणं करतात. करोत बापडी! पण ते दिवस आठवले की जीव हळवा होतो.

एवढंच मागणं आहे, मित्रांनो. मला अडगळीत टाकू नका, आणि कागद कडेपर्यंत भरू नका. थोडी जागा मोकळी ठेवा. आईची माया कुठल्या कोपऱ्यावर उमटेल, सांगता येत नाही.