मधला मुक्काम

ती एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत, "श्वास घ्या, रोखा, सोडा" म्हणण्यात तिची उमेदीची वर्षं सरली होती. डोंगरांचं वेड मात्र लग्नाच्याही आधीचं. जिथे झाडसुद्धा उगवत नाही अशा उंचीवर एका जुन्या नगराचे अवशेष होते. पडक्या भिंती, दगडी रस्ते, छप्पर नसलेली कोठारं. गाडी तिथे जात नाही. कित्येक दिवस चालावं लागतं. आधी लेक लहान होती, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग लेकीचं लग्न. असं करत जाणं लांबत गेलं. अखेर घरात दोघंच उरली, तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

नवऱ्याचं फरशांचं दुकान होतं. माणूस बोलघेवडा, चारचौघांत रमणारा. "दगडच बघायचेत ना? मग दुकानात ये की. सगळ्या रंगांचे दाखवतो," असं तो येईल त्याच्यासमोर म्हणायचा आणि येणारा हसायचा. तरी तो यायला तयार झाला. तिला खरंच आनंद झाला होता.

पुढचे काही महिने टेबलाचा अर्धा भाग नकाशानेच अडवलेला होता. जेवताना ताटं कडेला सरकवून बसायचं. पाणी कुठे मिळेल, कुठला चढ सकाळी उरकायला हवा, तंबू कुठे टाकायचे, ओझ्याला खेचरं किती, सगळं तिने वाटाड्याला फोन करून करून पक्कं केलं. सामान पाठीवर घेऊन ती इमारतीचे जिने चढउतार करायची. शेजारीण विचारायची, "काय हो, घर बदलताय का?"

सगळ्या आखणीत तिने एक गोष्ट आवर्जून ठेवली होती. निम्म्या उंचीवर एक वस्ती होती. तिथे एक अख्खा दिवस नुसतं थांबायचं. विरळ हवेची शरीराला सवय होऊ द्यायची आणि मगच पुढे चढायचं.

"काहीच न करता बसायचं?" नवरा म्हणाला. "त्यासाठी एवढं लांब कशाला? ते मी घरी सोफ्यावर करतो."

"गंमत नाही ही. विरळ हवेने माणसं मरतात."

"म्हातारी माणसं मरत असतील. हे बघ, परत आल्यावर लगेच आमच्या व्यापाऱ्यांचा मेळावा आहे. यंदा मला व्यासपीठावर बसवतायत. तो दिवस काढून टाक."

"मेळाव्याला उशिरा गेलात तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"मग जा तू एकटी. मी नाहीच येत."

तो दोन दिवस घुम्यासारखा वावरला. लेकीचा फोन आला. "आई, कधी नव्हे ते बाबा हो म्हणालेत. एका दिवसासाठी कशाला ताणतेस?" तिने वाटाड्याला कळवलं, मधला मुक्काम रद्द. त्याने परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुमची मर्जी."

चढताना पहिले काही दिवस नवराच पुढे होता. वाटाड्याला विनोद सांगत होता, मागे वळून "चला, मॅडम!" म्हणून हाका मारत होता. शेवटच्या तळावर पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिथून समोरच्या सोंडेवर जुन्या नगराचा एक बुरूज दिसत होता. ती बघत उभी राहिली. मागे नवरा दगडावर टेकला आणि उठेना.

"दम लागलाय जरा. बसू दे."

त्याचे ओठ निळसर पडले होते. तिने त्याच्या पाठीला कान लावला. आत पाणी उकळल्यासारखं वाजत होतं. फुप्फुसात पाणी भरलं की प्लेटवर कसं दिसतं, हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं.

वाटाड्या म्हणाला, "अवशेष आता उद्या सकाळच्या चालीवर आहेत. बाई, तुम्ही खेचरं हाकणाऱ्या माझ्या भावाबरोबर जाऊन या. यांना मी खाली नेतो."

नवऱ्याने तिचं मनगट धरलं. त्याला नीट बोलताही येत नव्हतं. "मला... सोडून... जाऊ नकोस."

"कुठे जात नाही मी," ती म्हणाली. तिने त्याला खेचरावर बसवलं, स्वतः बाजूने त्याला धरून चालली. उतारावर तो दोनदा ओकला, तिच्याच अंगावर. बुरुजाकडे तिने मान वळवून पाहिलं नाही. पायथ्याच्या इस्पितळात तिथल्या डॉक्टरने प्लेट उजेडावर धरली. दोन्ही बाजू पांढऱ्या झाल्या होत्या.

खाली उतरल्यावर तो भराभर सुधारला. इतका, की मेळाव्याला वेळेवर पोचला. तिला नवे कपडे घालून पहिल्या रांगेत बसवलं होतं. निवेदकाने विचारलं, "काय म्हणतात ते अवशेष?"

नवऱ्याने माईक हातात घेतला. "गेलो होतो हो, अगदी दारापर्यंत. पण हिला वरची हवा सोसली नाही. आता बायकोपुढे दगडांची काय किंमत? घेतली उचलून, आणली खाली."

टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला, "बऱ्या आहात ना आता?"

घरी परतताना तिने गाडीत विचारलं, "असं का सांगितलंत?"

"अगं, चार माणसांत आजारी म्हणून नाव झालं की मागे कुजबुज सुरू होते. आणि आपण दोघंही वर गेलो नाही, ते तर खरंच आहे ना? मग कोणामुळे, याने काय बिघडतं?"

मग हे घरोघरी सुरू झालं. एकदा पाहुण्यांसमोर ती सरळ म्हणाली, "मला नाही, यांना झालं होतं." नवरा हसला. "बघा! अजून कबूल करत नाही." पाहुणेही हसले. लेक तिला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "आई, बाबांनी एवढं केलं तुझ्यासाठी. वर त्यांचाच पाणउतारा?"

पुढच्या हंगामात तिने एकटीने जायचं ठरवलं. सोबतीला गट हवा म्हणून डोंगरसहली नेणाऱ्या एका कचेरीत नाव नोंदवलं. मधल्या मुक्कामासकट. आठवडाभराने तिथल्या बाईचा फोन आला. "तुमच्या घरी फोन केला होता. नेहमीची चौकशी असते आमची. मागच्या वेळी तुमच्या फुप्फुसात पाणी झालं होतं म्हणे. ते तुम्ही सांगितलं नाहीत."

"मला झालं नव्हतं."

"तुमचे मिस्टरच म्हणाले. घरच्यांनी संमती दिली तर आम्ही विचार करू."

संध्याकाळी लेक जेवायला आली होती. लेकीच्या देखतच तिने आपलं ताट बाजूला सारलं आणि नवऱ्याला म्हणाली, "त्यांना फोन करून खरं सांगा."

"खरं काय? तुला परत मरायला पाठवू मी?"

"अहो, आजारी तुम्ही होतात. माझ्या अंगावर ओकलात तुम्ही."

त्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्याचे डोळे भरून आले. ते नाटक नव्हतं. इतके महिने सांगून सांगून त्याला ते तसंच दिसायला लागलं होतं. "हिचे ओठ निळे पडले होते," तो लेकीला म्हणाला. "ती कशी दिसत होती, ते मी पाहिलंय. मी नाही जाऊ देणार."

लेकीने बापाचा हात हातात घेतला. "आई, बास कर आता."

तिने दोघांकडे पाहिलं. वाटाड्याला फोन लावून याच्या तोंडावर मारावा, असं तिच्या मनात आलं. पण त्या दोघांनी जे धरून ठेवलं होतं ते असल्या फोनने सुटणारं नव्हतं. ती उठली, ताटं गोळा केली, धुतली.

डोंगरावर जाण्यासाठी दवाखान्यातून महिन्याची रजा तिला मंजूर झालेली होती. जाणं बारगळलं, तरी ती रजा तिने रद्द केली नाही. रोज नवरा दुकानात जाईपर्यंत ती लेकीच्या जुन्या खोलीत, आतून कडी लावून पडून राहायची. रात्रीही तिथेच झोपायला लागली होती. दुकानात कोणी तिची चौकशी केली, की तो आवाज उतरवून सांगायचा, "डोंगरावरून आल्यापासून प्रकृती नाजूकच असते तिची."