चौथं नाव

नेपरव्हिलहून शिकागोला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत ती बातमी चंद्रशेखर उकिडव्यांना यतीनने दाखवली. यतीन त्यांच्याच गल्लीत राहायचा, शहरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. गाडी सुटता सुटता तो धापा टाकत डब्यात शिरला आणि घडी केलेलं वर्तमानपत्र त्याने त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"काका, हे वाचलंत? यार, तुम्ही तर फेमस झालात!"

२००४ चा नोव्हेंबर होता. राष्ट्राध्यक्ष नुकतेच दुसऱ्यांदा निवडून आले होते आणि आता वॉशिंग्टनमध्ये कोण जाणार, कोण येणार याचे अंदाज रोज छापून येत होते. या लेखात म्हटलं होतं, की पहिल्या खेपेला आर्थिक सल्लागार मंडळात माना डोलावणारेच फार झाले. या वेळी तोंडावर बोलणारे अर्थतज्ज्ञ घ्यावेत असं आतल्या गोटात चाललंय. खाली पाच नावं होती. चौथं त्यांचं. नावापुढे लेखकाने लिहिलं होतं, 'दोन्ही पक्षांना सारखेच नकोसे.'

"अरे, या सगळ्या हवेतल्या गप्पा असतात," चंद्रशेखर म्हणाले. पण पेपर त्यांनी यतीनला परत दिला नाही.

त्यांच्याबद्दलचं ते वाक्य खोटं नव्हतं. नागपूरहून एम. ए. करून आलेला, शिकागोच्या एका विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा हा माणूस तीस वर्षं अमेरिकेत फटकळपणासाठी ओळखला जात होता. करकपातीची आकडेमोड टीव्हीवर दाखवून 'माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांना यात मी नापास करीन' असं ते म्हणाले होते. त्याआधी दुसऱ्या पक्षाचं सरकार असताना पोलादावरच्या एका योजनेची त्यांनी अशीच सालटी काढली होती. त्यांच्या विभागात कुणी व्याख्यान दिलं आणि उकिडवे काही बोलले नाहीत, असं कधी झालं नव्हतं. पोरं त्यांना घाबरायची, आणि त्यांच्याच हाताखाली काम करायला धडपडायची.

त्या आठवड्यात फोन थांबेनात. जुने विद्यार्थी, नागपूरचे मेहुणे, इथल्या मराठी मंडळाचे लोक. मालिनी, त्यांची बायको, गावातल्या लायब्ररीत काम करायची. तिथेही तिला कुणी ना कुणी विचारायचं. ती हसून म्हणायची, "आम्हाला तरी कुठे काय माहिती आहे?" घरी आल्यावर मात्र तिने एकदा विचारलंच, "खरंच बोलावलं तर जायचं का हो?"

"बोलावत नाहीत गं," ते म्हणाले. पण त्याच शनिवारी त्यांनी नवा गडद सूट घेतला. जुन्याचे कोपर झिजलेत, असं कारण सांगितलं.

त्या वर्षी त्यांच्याकडे उल्का खानविलकर पीएच.डी. संपवत होती. मुंबईची मुलगी, कमी बोलणारी, आकड्यांच्या बाबतीत हट्टी. दोघांनी मिळून एक संशोधनाचा पेपर लिहिला होता. पगारातून कापून घेतलेल्या पैशांतून सरकार म्हातारपणी पेन्शन देतं. त्यातला काही भाग लोकांनी स्वतःच्या नावाने शेअर बाजारात गुंतवावा, अशी राष्ट्राध्यक्षांची नवी योजना होती. दुसऱ्या कारकिर्दीतलं तेच मोठं काम असणार असं सगळे म्हणत होते. उल्काने दाखवून दिलं होतं, की मुलांसाठी मध्येच नोकरी सोडणाऱ्या, कमी पगाराच्या बायकांचं यात सगळ्यात जास्त नुकसान होईल. मूळ कल्पना तिची होती. चंद्रशेखरनी तिला पद्धत दाखवली होती आणि गणितातली मधली एक अवघड पायरी स्वतः सोडवून दिली होती. जानेवारीत फिलाडेल्फियाला अर्थतज्ज्ञांची वार्षिक परिषद होती. तिथेच विद्यापीठांच्या नोकऱ्यांचे इंटरव्ह्यू होत. उल्काचा व्हिसा संपत आला होता आणि हाच पेपर घेऊन ती नोकरी शोधणार होती.

थँक्सगिव्हिंगच्या आधी त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं.

"उल्का, हा पेपर मी पुन्हा वाचला. चांगला आहे. पण माझं नाव त्यावर असावं की नाही, असा विचार करतोय."

तिला कळेना. "का सर? काही मिस्टेक आहे का?"

"नाही, नाही. मूळ काम तुझंच आहे. सिंगल ऑथर म्हणून गेलीस तर तुझंच भलं होईल."

"पण सर, सगळीकडे ड्राफ्ट आपल्या दोघांच्या नावाने पाठवलाय. ॲप्लिकेशन्स गेली. आता नाव काढलं तर लोक काय समजतील?"

"समजायचंय काय त्यात? को-ऑथर मोठ्या मनाने बाजूला झाला, एवढंच."

तिनेही ते वर्तमानपत्र वाचलं होतं, विभागात सगळ्यांनीच वाचलं होतं. पण तो विषय तिने काढला नाही. "ओके सर," म्हणाली आणि दार हळूच ओढून घेत निघून गेली. तिने भांडायला हवं होतं असं चंद्रशेखरना वाटलं. म्हणजे निदान तिच्यावर चिडता तरी आलं असतं.

डिसेंबरात शिकागोच्या एका रेडिओ स्टेशनने या पेन्शन योजनेवर बोलायला त्यांना बोलावलं. घसा बसलाय, असं त्यांनी कळवलं. मालिनी स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिने फोनवरचं बोलणं ऐकलं.

"घसा कधी बसला?"

त्यांनी फोन जागेवर ठेवला.

"मला एक सांगा," ती सुरी खाली ठेवून म्हणाली. "वर्तमानपत्रात तुमचं नाव आलं ते कशामुळे? तुम्ही बोलता म्हणूनच ना? मग आता नेमके गप्प का झालात?"

"थोडे दिवस, मालिनी. एकदा आत गेलो की आतून बोलता येईल. बाहेरून ओरडून आजवर काय झालंय?"

मालिनीने पुन्हा भाजी चिरायला घेतली. आपलं हे वाक्य त्यांच्याच कानाला परकं वाटलं. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला भर सभेत सोलून काढलं असतं.

ख्रिसमसच्या सुट्टीआधी वॉशिंग्टनचा फोन आला. नंबर बघूनच त्यांना वाटलं, बोलावणं आलं. त्यांनी ऑफिसचं दार लावलं आणि उभ्यानेच फोन घेतला. पलीकडे एक तरुण बाई होती, सिनेटच्या एका समितीत काम करणारी. उल्काचा पेपर तिने वाचला होता. पेन्शन योजनेवरच्या सुनावणीत उल्काला बोलवावं असा समितीचा विचार होता.

"पण आम्हाला कुणीतरी सांगितलं, की आकडेमोडीत चूक सापडली म्हणून तुम्ही नाव काढून घेतलं. हे खरं आहे का?"

उत्तर सोपं होतं. 'नाही, चूक नाही,' एवढंच म्हणायचं होतं. पण ही बाई समितीतल्या विरोधी सदस्यांसाठी काम करते, इथे बोललेलं कुठे ना कुठे पोचतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ऐकलं, की आपण स्वतःच म्हणतोय, "त्या पेपरवर मी सध्या काही बोलू इच्छित नाही."

"समजलं," बाई म्हणाली, आणि त्यांचे आभार मानले. तिला नेमकं काय समजलं, ते त्यांनाही कळलं. फोन ठेवल्यावर ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली बर्फ साफ करणारी गाडी मागेपुढे करत होती.

जानेवारीच्या परिषदेला ते गेले नाहीत. उल्का एकटी गेली. हॉटेलच्या खोल्यांमध्ये सोफ्यावर दाटीने बसलेल्या प्रोफेसरांसमोर तिने इंटरव्ह्यू दिले. आणि जवळजवळ प्रत्येक खोलीत तिला विचारलं गेलं, की उकिडव्यांनी नाव का काढलं? विभागातल्या एका सहकाऱ्याने परत आल्यावर हे चंद्रशेखरना सांगितलं. "ती एवढंच म्हणाली, की ते तुम्ही सरांनाच विचारा. बाकी एक शब्द नाही."

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका मंगळवारी, सल्लागार मंडळावर नेमल्या जाणाऱ्यांची नावं बाहेर आली. वर्तमानपत्रातल्या त्या पाचांपैकी कुणीच त्यात नव्हतं. संध्याकाळच्या गाडीत यतीन शेजारी येऊन बसला.

"सॉरी काका. बॅड लक. पण मी तर म्हणतो, बरंच झालं. तुमच्यासारखा स्ट्रेट बोलणारा माणूस त्यांना झेपलाच नसता. म्हणूनच नाही घेतलं. मी आमच्या अनीशला पण सांगितलं, उकिडवे आजोबांसारखं असावं. पोस्ट गेली तरी चालेल, खरं ते बोलायचं."

अनीश त्याचा शाळेत जाणारा मुलगा. चंद्रशेखरनी 'तसं नाही रे' म्हणायला तोंड उघडलं. पण डबा भरलेला होता, यतीनचा चेहरा कौतुकाने फुलला होता, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "चालायचंच." आणि ते हसलेसुद्धा. पुढची सगळी स्टेशनं यतीन बोलत होता, पण त्यांना काही ऐकू येत नव्हतं. घरी पोचल्यावर त्यांनी बूट काढले आणि कोट तसाच अंगावर ठेवून जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

मालिनी बाहेर आली. "बरं वाटत नाहीये का?"

त्यांनी तिला सगळं सांगितलं. उल्काला काय म्हणाले ते, सिनेटच्या फोनवर काय म्हणाले ते, आणि गाडीत यतीनसमोर कसे हसले ते. मालिनी जिन्याचा कठडा धरून ऐकत होती. 'जाऊ द्या' असं ती म्हणाली नाही. तिने विचारलं, "त्या बाईंचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ऑफिसातून वॉशिंग्टनला फोन लावला.

"तुम्ही मला उल्का खानविलकरच्या पेपरबद्दल विचारलं होतं," ते म्हणाले. "त्यात चूक नाही. तेव्हाही नव्हती. प्रत्येक पायरी मी स्वतः तपासलेली आहे."

"अच्छा. मग तुम्ही नाव का काढलंत, प्रोफेसर?"

हा प्रश्न येणार हे त्यांना माहीत होतं. "कारण मला वाटलं, की नाव राहिलं तर मला ती नोकरी मिळणार नाही."

मग तिने अगदी सरळपणे विचारलं, "कुठली नोकरी?"

तिने काही ऐकलेलं नव्हतं. वॉशिंग्टनमध्ये, त्याच गल्ल्यांमध्ये दिवसभर वावरणाऱ्या बाईने त्यांच्या नावाची साधी कुजबुजही ऐकलेली नव्हती. चंद्रशेखरना ते तिला समजावून सांगावं लागलं: एका वर्तमानपत्रात एक लेख आला होता, त्यात पाच नावं होती, आणि त्यात एक माझं होतं. सांगता सांगता त्यांचा आवाज लहान होत गेला.

"ओह," ती म्हणाली. त्या आवाजात कीव होती, आणि ती लपवायचा प्रयत्नही होता. "कळवल्याबद्दल आभारी आहे. पण सुनावणीला आम्ही दुसऱ्या एका तज्ज्ञांना बोलावलंय. ते ठरून गेलं."

ते खाली उतरून उल्काच्या खोलीपाशी गेले. पीएच.डी.ची चार मुलं त्या खोलीत बसायची. त्या वेळी ती एकटीच होती, डबा खात होती. ती उठायला लागली, तसं त्यांनी हातानेच बसायला सांगितलं आणि स्वतः उभेच राहिले. सिनेटच्या बाईंशी झालेलं दोन्ही वेळचं बोलणं त्यांनी तिला सांगितलं. सुनावणीचं तर तिला काही माहीतच नव्हतं. हातातला घास तिने डब्यात परत ठेवला.

"उल्का, मी वाईट वागलो. पेपरवर माझं नाव परत घाल. ज्या ज्या विद्यापीठांत तू इंटरव्ह्यू दिलास, त्या सगळ्यांना मी आजच फोन करतो."

"फोन करा सर," ती म्हणाली. "चूक नव्हती, एवढंच सांगा. नाव मात्र नको."

"का?"

"नोव्हेंबरमध्ये मला त्या नावाची गरज होती. तेव्हा मी रोज रडत होते, सर. मग फिलाडेल्फियात प्रत्येक रूममध्ये मी एकटीनेच तो पेपर डिफेंड केला. तुम्ही सोडवलेली ती मधली स्टेपसुद्धा मी पुन्हा पहिल्यापासून केली. वेगळ्या पद्धतीने. आता तुम्ही परत आलात, तर लोक म्हणतील पेपर तुमचाच होता." तिचा आवाज चढला नव्हता. "मी रागाने बोलत नाहीये. आता तो माझा झालाय, एवढंच."

त्यांनी मान हलवली. त्या दुपारी ते एकेका विद्यापीठाला फोन करत बसले. काहींनी नीट ऐकून घेतलं, दोघांनी जागा भरल्याचं सांगितलं. प्रत्येक वेळी नाव का काढलं ते सांगावं लागलं, आणि एकदा सांगून झालं म्हणून पुढच्या वेळी ते सोपं गेलं नाही.

मार्चमध्ये उल्काला सिएटलच्या बाहेर, बॉथेलच्या बाजूला, एका छोट्या कॉलेजात जागा मिळाली. ती ज्या लायकीची होती तशी ती जागा नव्हती, पण तिचा व्हिसा वाचला. जाण्याआधी तिने विभागात तो पेपर मांडला. खोली भरली होती. चंद्रशेखर मागच्या रांगेत बसले. एकाने नेमकी त्या मधल्या पायरीवरच शंका काढली. उल्काने फळ्यावर दोन ओळींत उत्तर दिलं. ते त्यांच्या पद्धतीपेक्षा स्वच्छ होतं.

विभागप्रमुखांनी सवयीप्रमाणे मागे वळून पाहिलं. "चंद्रा, तुला काही म्हणायचंय?"

सगळी डोकी त्यांच्याकडे वळली. नाव काढल्याचं एव्हाना त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. काही जणांनी लगेच नजर खाली घेतली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सगळं बरोबर आहे."

उल्काने फळा पुसला आणि पुढचं समीकरण लिहायला घेतलं.