ठेंगणं दार

वसमतला हळदीच्या रिकाम्या गोदामात चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा अर्ध्या बाजाराला वाटलं, लिलावच आहे. काही जण तर आत डोकावून दर विचारून गेले. एरवी जान्हवी पोट धरून हसली असती. पण आज तिचं सगळं लक्ष औंढ्याच्या एसटीकडे लागलं होतं. बाबा येणार होते.

तिचे वडील मार्तंडराव औंढ्यातल्या एका छोट्या, जुन्या शिवालयाचे गुरव. तिथल्या गाभाऱ्याचं दार इतकं ठेंगणं, की भल्याभल्यांना वाकावं लागे. चौकटीच्या वरच्या दगडाखाली तळहात धरून बाबा जन्मभर प्रत्येकाला बजावत आले, "डोकं सांभाळा." कोणी चुकलंच, तर कपाळ त्यांच्या हातावर आपटे. मग काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेला. जवळचं-लांबचं कळेना, चहा कपाबाहेर पडू लागला, आणि एका सकाळी त्याच दगडावर त्यांचंच डोकं फुटलं. "आता दार दिसत न्हाई, नुसतं काळं फडकं दिसते," एवढं म्हणून त्यांनी देवळाची किल्ली पुतण्याकडे, सोमेश्वरकडे, दिली आणि घर धरलं.

प्रदर्शनाचा विषय होता 'सपाट'. जान्हवीने भिंतीवर तेच दार काढलं, मूळ मापाचं, बाबांना दिसतं तसं. सावली नाही, खोली नाही. कडेने राखाडी दगड आणि मध्ये सपाट काळं. काढताना ती रंगात बुडून गेली होती. आता मात्र ती सारखी रस्त्याकडे बघत होती. बापाच्या अधूपणाचा पोरीने तमाशा मांडला, असं त्यांना वाटलं तर?

बाबा आले. चपला बाहेरच काढल्या. चित्रासमोर क्षणभर थांबले आणि सवयीने वाकून सरळ आत शिरायला गेले. कपाळ भिंतीला लागलं. मागे कोणीतरी खुसखुसलं. जान्हवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, चित्र हाय ते. चुकलंच माझं."

त्यांनी दोन्ही हातांनी भिंत चाचपली. "मला असंच दिसते की गं. तुला कसं कळलं?"

"घरी असले की तुमचा सांडलेला चहा मीच पुसते ना."

तेवढ्यात गंगूताई पुढे आल्या. देवळासमोर बेल-फुलं विकणाऱ्या गंगूताई बाबांच्या सोबतीने आल्या होत्या. या वयातही सुईत दोरा ओवतील अशी त्यांची नजर. त्या चित्राजवळ येताच बाबांचा तळहात आपोआप वर गेला आणि रंगवलेल्या दगडाखाली टेकला.

"गंगूताई, डोकं सांभाळा."

आणि गंगूताई वाकल्या! सपाट भिंतीपुढे, दोन्ही डोळे धड असताना. मग स्वतःच दचकल्या. "अगं बाई, मी काहून वाकून राहिले?"

सगळं गोदाम हसलं. फक्त बाबा हसले नाहीत. हात तसाच भिंतीवर ठेवून ते विचारात पडले होते.

"डोकं फुटलं त्या सकाळी मी एकटाच होतो जानू," ते हळूच म्हणाले. "दुसऱ्या कोणासाठी हात धरलेला नव्हता. हात वर असला की दगड कुठं हाय ते हातालाच कळते. डोळ्याला कोण इचारते?"

मग बाबांनी हात खाली घेतला आणि धोतराला पुसला.

"सोमेश्वरला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, किल्ली घरी आणून दे. उद्याची पूजा माझी."