न सापडलेले तीन

नाशिकच्या आरोग्य कार्यालयात आकडेमोडीला बसणाऱ्या सुमन पगारेचं गणित सोमवारीच झालं होतं. साल चौऱ्याहत्तर. सायखेड्यात दोघा भावांना देवी आल्या, त्याला पंधरवडा उलटला होता. जुनी दप्तरं चाळून तिने ठोकताळा काढला होता: एका रोग्याकडून, पंधरवड्याच्या आत, सरासरी तिघांना लागण. म्हणजे दोघांचे सहा व्हायला हवेत. कागदावर मात्र तीनच नवे रोगी होते, आणि तिघंही त्या भावांच्या घरातले.

अंगावर फोड उठल्यावरही ते भाऊ दोन दिवस पिंपळगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलत होते. मग बाजारातलं कुणीच कसं नाही?

कार्यालयाचे प्रमुख डॉ. देवरे फटकळ. गणित चुकलं तर चारचौघांत हसं होईल, या धास्तीने सुमन तीन दिवस गप्प राहिली. गुरुवारी साहेबांनी एकुलती जीप आणि चारही लस टोचणारे शहरात घरोघर पाठवायचं ठरवलं, तेव्हा ती उठलीच.

"साहेब, तीन रोगी लपलेत. पिंपळगावात."

"पाहिलेत तुम्ही?"

"नाही. हिशेबात दिसतात."

"हिशेबात!" साहेबांनी कागद उलटसुलट केला. "आणि नाही सापडले तर?"

सरासरी म्हणजे काही शपथ नव्हे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "तर चूक माझी," ती म्हणाली.

साहेबांनी एक दिवस दिला.

लस टोचणारे कोंडाजी म्हणजे मुरलेला माणूस. पिंपळगावात दुपारपर्यंत त्यांनी दारं ठोठावली. सगळीकडे एकच उत्तर, "आमच्याकडं कोणी आजारी नाय." दिवस कलायला आला. मग कांदे साठवायच्या चाळीमागे एका झोपडीच्या दाराला कोंडाजींना कडुलिंबाचा डहाळा दिसला.

दारात चतुराबाई आडवी उभी राहिली. "आत देवी आलीय. सुई आणू नका, कोप व्हईल!"

आत तिचा नवरा झिपरू, हमाल. तोंडभर फोड. शेजारी त्यांची दोन वर्षांची मुलगी कुसा खेळत होती. कोंडाजी उंबऱ्यावर बसून तासभर बोलत राहिले, तेव्हा कुठे बाई बाजूला झाली. तिनेच मग आणखी तीन घरं दाखवली. तीन नव्हे, चार रोगी निघाले.

चार दिवस त्या वस्तीभोवती टोचणी चालली. रोग्यांच्या दाराशी पहारे बसले. काहीच केलं नसतं, तर पुढच्या फेरीत घरातले तीन आणि हे चार, अशा सातांचे एकवीस होणार होते. सुमन रोज टपालाची वाट पाहायची. नवा रोगी एकच निघाला. कुसा.

पोर वाचली, पण तोंडावर वण राहिले. सुमन भेटायला गेली. झिपरू हिंडूफिरू लागला होता. चतुराबाईने विचारलं, "हिलाबी सुई टोचली व्हती ना बाई? मग?"

"उशिरा टोचली. तीन दिवस आधी टोचली असती, तर बहुतेक वाचली असती यातून."

"मग आधी का नाय आलात?"

सुमनला साहेबांचं नाव पुढे करता आलं असतं. "मला सोमवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "बोलायची भीती वाटली."

चतुराबाई पोरीला कडेवर घेऊन आत गेली.

महिनाभराने निफाडहून दोन रोग्यांची तार आली. सुमनने अर्ध्या तासात हिशेब मांडला आणि चालू बैठकीत, सगळ्यांदेखत, साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.