साडेतेहतीस अंश

फेब्रुवारी २०१०. मंगळवारी सकाळी अकराला, हिमायतनगरच्या एका इस्पितळात सावित्रीबाईंनी पहाटे जन्मलेल्या नातवाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. बाळ गार होतं. गावी, भालकीत, त्यांनी दुसऱ्यांची पाच मेलेली लेकरं न्हाऊ घातली होती. तो गारवा त्यांच्या हाताला पाठ होता.

"जन्मताना श्वास अडकला, अम्मा," नर्स ज्योती म्हणाली. "मेंदू वाचवायला बहात्तर तास साडेतेहतीस अंशावर ठेवायचं. मग हळू ऊब द्यायची."

"जित्या लेकराला कोण असं गार करतं गं?"

"मशीन देखो ना. दिल चालू आहे."

त्यांनी मशीन पाहिलं नाही. जिन्यात येऊन भालकीला दिराला, अंबाजींना, फोन लावला. "भावजी, पोरगं गेलंय. हे लोक सांगंनात. लिंबाखाली खड्डा काढून ठेवा."

वरच्या मजल्यावर टाके पडलेल्या सुनेला, अश्विनीला, त्यांनी काही सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी नऊला ऊब सुरू झाली, तासाला अर्धा अंश. साडेदहाला बाळाने पाय ओढला. सावित्रीबाई फोन घेऊन जिन्यात धावल्या. लेकरासाठी काढलेला खड्डा रिकामा बुजवत नाहीत. तो मागून घेतो, हे गावात त्याच सांगत.

"भावजी, खड्डा?"

"उघडाच हाय. कधी आणताव?"

"घरचा वरवंटा घ्या. बारशाला घालतो तशी कुंची घाला त्याला, अन् पुरा."

"दगड पुरू? वैनी, गाव हसंल की!"

"हसू द्या."

एक वाजता बाळाचा आकडा साडेपस्तिसावर अडकला. ज्योतीने तारा तपासल्या, डॉक्टर आले. आकडा हलेना. एक चाळीसला अंबाजींचा फोन आला.

"पुरला. पण वैनी, सावलीतला दगड, उचलला तवा अंगावाणी गरम लागला. खड्ड्यात ठेवला अन् बर्फ झाला."

आत आकडा सरकला. सव्वातीनला बाळ रडलं. चाकाच्या खुर्चीवरून आणलेली अश्विनी त्याच्याहून मोठ्याने रडली.

महिन्याने शहरातल्या घरी, गौलीगुड्यात, बारसं झालं. बाळाआधी पाळण्यात घालायला विकत आणलेला वरवंटा पाहून अश्विनी म्हणाली, "भालकीचा, घरचा कुठाय, आत्या?"

"फुटला."

रीतीप्रमाणे कुंचीतला दगड पाळण्यात ठेवला, झुलवला, उचलला. बाळाला ठेवण्याआधी सावित्रीबाईंनी दुपट्यावरून हात फिरवला. मधोमध, दगडापेक्षा लांबट, बाळाच्या मापाची जागा उबदार होती, जणू तिथं आधीच कुणी निजलं होतं.

"पोरगं इथं ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या. नाव अश्विनीच्या मांडीवरच ठेवलं.